बाळकुमच्या ट्रेलरला लागलेल्या मुंग्या

"ठाण्यापासून कल्याणपर्यंत, मधल्या डोंबिवलीसकट, डोकं म्हणून जी वस्तू आहे ती एकाच माणसाच्या खांद्यावर आहे. आणि तो माणूस तुमच्यासमोर उभा आहे!"

दौलतराव गुप्ते स्वतःची ओळख अशी करून देत, आणि तेवढ्यात त्यांची बायको सरोज पदराने त्यांच्या कोटावरचा वरणाचा डाग पुसून घेई. खाजगी गुप्तहेर म्हणून त्यांनी आजवर दोन प्रकरणं सोडवली होती. पहिल्यात हरवलेली छत्री त्यांच्याच काखेत सापडली. दुसऱ्याबद्दल सरोज बोलत नसे.

तिसरं बाळकुमला घडलं. तिथल्या पंढरी भोईरांनी कल्याणच्या मिलिटरी कॅम्पातल्या लिलावात लढाईतला एक ट्रेलर उचलला होता. चाकं दणकट, पण तळाच्या फळ्या पार वाळलेल्या. त्यावरून मीठ वाहायचं म्हणून पंढरीशेठनी घरीच औषध काढलं: करंजाचं तेल कढवून त्यात राळ विरघळवायची, आणि वर मूठभर हळद. "डालीला हळद लावली तं कीड लागत नाय, मंग फलीला कशी लागंल?" हे त्यांचं शास्त्र.

त्यांच्या थोरल्या मुलाची, आनंदाची, वरात ह्याच ट्रेलरवरून कल्याणला जायची होती. पुढे ओढायला उसनी आणलेली जीप. मुहूर्त गोरज, आणि मुलीच्या बापाचा सज्जड निरोप आलेला, की वेळ टळली तर नवरा आल्या वाटेने परत पाठवीन.

आदल्या संध्याकाळी इकडे घरच्या भिवाकाकाने फळ्यांना औषध लावलं, तिकडे मांडवात बायकांनी आनंदाला हळद लावली. लग्नाच्या सकाळी बघतात तर ट्रेलर मुंग्यांनी लालभडक! पाय ठेवायला जागा नाही. हळदीला आलेले दौलतराव मुक्कामालाच होते. त्यांनी भिंग काढलं.

"घातपात!" ते म्हणाले. "ट्रेलर लढाईतला. म्हणजे मुंग्या ब्रह्मदेशातल्या. जपान्यांनी पेरल्या, आणि इतकी वर्षं दबा धरून बसल्या."

"अहो, आपल्या मोरीत असतात तसल्याच आहेत," सरोज म्हणाली.

"म्हणून तर संशय येत नाही! बरं, जपानी सोड. मुलीकडच्यांनी साखर टाकली. नाहीतर..." त्यांची नजर भिवाकाकावर गेली. "तुम्ही काल जिलबी खाल्लीत?"

"तीन खाल्ल्या."

दौलतरावांनी त्याला मांडवाच्या खांबाला बांधलं. "साहेब, मना पंगत वाढाचीय," एवढंच भिवाकाका बिचारा म्हणाला.

आणि न्हाणीतून आनंदाच्या आईची, तुळसाबाईंची आरोळी आली. "आगो धावा! पोराच्या आंगाव पानी ठरत नाय!"

सरोज धावली. आनंदा पाटावर बसलेला, नव्या पितळेसारखा चकाकत. आई तांब्यावर तांबे ओतत होती आणि पाणी नुसतं घरंगळून जात होतं. तो घाबरून उठला तर पाटही त्याच्याबरोबर उठला.

तुळसाबाईंनी लेकाचा खांदा हुंगला. मग ताडताड बाहेर जाऊन ट्रेलर हुंगला. खोबरेल, हळद, दुधाची साय!

"आरं देवा! नवऱ्याची हळद गारीला, नि गारीचा औषध नवऱ्याला!"

"कालच वास आलता मना," एक आजी म्हणाल्या. "मना वाटला, गुप्तेसाहेबांचा केसांचा तेल. पावन्याला कसा बोलायचा?"

सरोजने नवऱ्याकडे पाहिलं. काल संध्याकाळी मांडवाच्या कोपऱ्यात दोन सारखी पितळी तपेली शेजारी शेजारी होती. "दोन्ही पिवळी! संशयास्पद," म्हणत ती उचलून, हुंगून परत कोणी ठेवली होती?

"अशक्य," दौलतराव म्हणाले. "तपेली मी स्वतः तपासून जिथल्या तिथे ठेवली. म्हणजे गुन्हेगार अत्यंत बुद्धिमान आहे, आणि घरातच वावरतोय."

"वावरतोय खरा," सरोज म्हणाली आणि तिने भिवाकाकाला सोडलं.

मग रॉकेल, राख, बेसन, नारळाची शेंडी. तिघांनी धरलं, तुळसाबाईंनी घासलं, आनंदाने बोंब ठोकली. मुंग्या निंबाच्या डहाळ्यांनी झोडल्या. कशीबशी वरात निघाली आणि वेळेत पोचली. पण राळ कसली निघते? अंतरपाट खाली आला तसा वास मांडवभर पसरला. सासऱ्यांनी नाक वर केलं. पंढरीशेठचा जीव टांगणीला लागला.

सासरे कल्याणच्या खाडीवर होड्या बांधत. त्यांनी पुन्हा एकदा हुंगलं. "करंज आणि राळ," ते हळूच म्हणाले. "दोन हात दिलेत. झकास!"

नवरी मंदाकिनी सकाळपासून रडत होती. ती आता फिस्सकन हसली. "आमच्या होडीचा वास येतो तुमच्या आंगाला," ती आनंदाच्या कानात म्हणाली. "घरच्यासारखा वाटला."

दौलतरावांनी परतताना सोडवलेली प्रकरणं तीन झाल्याचं जाहीर केलं. औषध तर आनंदावरच संपलं होतं, त्यामुळे त्या पावसाळ्यात ट्रेलरच्या फळ्या कुजल्या. आनंदाला मात्र साधं पडसंही झालं नाही.