भाऊसाहेबांचं स्थळ

आक्कांनी ज्याचं स्थळ मनावर घेतलं, तो कधी बिनलग्नाचा राहिला नाही. पोटचा धाकटा तेवढा राहिला होता, पण तो विषय घरात कोणी काढत नसे.

म्हणूनच लेक तोंड पाडून बसलेली दिसली तेव्हा आक्कांना हुरूप आला. लेकीची संस्था टाकून दिलेली कुत्री सांभाळायची. शनिवारी शेड रिकामी करायची होती. बाकी सगळ्यांना घरं मिळाली, म्हातारे भाऊसाहेब तेवढे उरले. आक्कांच्या इमारतीत कुत्र्यांना बंदी. म्हणजे भाऊसाहेबांची रवानगी थेट कोंडवाड्यात.

"पेजवर कोडी घातली, आधीचे-नंतरचे फोटो टाकले, स्पर्धा घेतली," लेक म्हणाली. "लाइक आला एक. तोही आपल्याच डॉक्टरांचा."

"लिहिलंस काय?"

"वृद्ध कुत्रा दत्तक घ्या."

"वृद्ध म्हटल्यावर कोण फिरकेल गं? आणि कुत्रा म्हणून कशाला सांगायचं, फोटोत दिसतोच की. आण तो फोन."

आक्का चौथीच्या पुढे गेल्या नव्हत्या, पण फोन बोललेलं लिहून घेतो एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी घसा खाकरला.

"स्थळ सुचवा. आमचे भाऊसाहेब, स्वभावाने गरीब. वाढाल ते खातात, उलट बोलत नाहीत. कानाने अधू, त्यामुळे घरात भांडण नाही. आधीच्या घरच्यांनी हाकललं, त्यात यांचा दोष नाही. ऑपरेशन झालेलं आहे, पुढची काळजी नाही."

फोटो धाकट्याचा, मांडीवर भाऊसाहेब. नंबरही धाकट्याचाच, कारण संस्थेची गाडी तो चालवायचा. फोनने फोटो खालून कापला आणि भाऊसाहेब गेले मांडीसकट, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही.

सकाळी पेजवर नुसती जत्रा. लेक नाचायचीच बाकी होती. "आई, दोन हजार लोकांनी शेअर केलंय!"

"मग? उगाच का मी स्थळं जमवते?"

तेवढ्यात धाकटा आला, कान चोळत. "आई, सकाळपासून बायका मला फोन करतायत, आणि सगळ्या ओरडून बोलतायत. एकीचे वडील विचारत होते, कोणी हाकललं तुम्हाला? आणि माझं कसलं ऑपरेशन झालंय?"

लेकीने फोटो पाहिला आणि ती मटकन खाली बसली. आक्का बसल्या नाहीत. "आता बोंबलू नकोस, जाऊन शर्ट बदल. पेजवर एकीने कळवलंय, शेडवर बघायला येतेय."

आली ती दातांची डॉक्टर, वडिलांना घेऊन. खरं काय ते ऐकून वडील तांबडेलाल झाले. पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. भाऊसाहेब डुलत डुलत आले होते आणि तिच्या चपलेवर हनुवटी टेकून त्यांनी डोळे मिटले होते.

"जाहिरातीत लिहिलेलं सगळं खरं आहे?" तिने विचारलं.

"अक्षर न् अक्षर," आक्का म्हणाल्या.

"मग यांना आजच नेते."

आक्कांनी हळूच धाकट्याला पुढे ढकललं. "आणि हा? हाही उलट बोलत नाही."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "कळवते."

आता भाऊसाहेबांचा तिच्या गादीवर लोळतानाचा फोटो पेजवर रोज येतो. आक्का तो मोठा करून करून बघतात आणि खाली तिने काही कळवलंय का, ते लेकीकडून वाचून घेतात.