फलकावरचं पान

बर्फ आणायला म्हणून बाहेर पडलेला थोंगबाय तासाभराने परतला तो रिकाम्या हाताने, पोटावरून हात फिरवत आणि स्वतःशीच हसत. देवळाच्या दारासमोरच्या आपल्या नूडल्सच्या दुकानात लमाई एकटीच बसली होती. पातेल्यातला रस्सा दोनदा आटून दोनदा वाढवून झाला होता, आणि तो प्यायला गिऱ्हाईक म्हणून एक माशी आली होती.

"बर्फ कुठाय?" तिने विचारलं.

"वितळला."

"आणि हसायला काय झालं?"

"काही नाही गं. सहज."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण हा माणूस सहज कधी हसल्याचं लमाईला आठवत नव्हतं. ती उठली आणि त्याच्या शर्टाचा वास घेतला. लसूण, कोथिंबीर आणि काहीतरी आंबट. हा वास रस्त्यापलीकडचा होता.

रस्त्यापलीकडे नोंगयावचं दुकान होतं. चंथाबुरीकडची, समुद्रकाठची ही पोरगी समुद्रापासून दूर, ईशान प्रांतातल्या या गावात सून म्हणून आली, आणि सरकारने गांजावरची बंदी उठवल्याला महिना होतो न होतो तोच तिने दुकान काढून दारावर ‘आनंदी रस्सा’ अशी हिरवी पाटी लावली. कोंबडीच्या रश्श्यावर तळलेलं एक पान ठेवून द्यायची, एवढीच काय ती करामत. त्या पानापायी आडवाटेच्या मोटारीसुद्धा थांबू लागल्या. पान वापरणाऱ्या दुकानाने सरकारी माहितीफलक दारात लावलाच पाहिजे असा नियम होता, म्हणून दुकान उघडण्याआधीच तिने तोही आणून लावला होता. पिवळाधमक फलक, वर पानाचं भलंमोठं चित्र आणि खाली सूचना. गरोदर बायकांनी खाऊ नये, मुलांना देऊ नये, भूक वाढू शकते, झोप येऊ शकते, हसू येऊ शकतं.

हे हसूच लमाईच्या जिव्हारी लागलं होतं. पहिल्या दिवशी शाळेतल्या मास्तरांनी फलक वाचला, वाडगा संपवला आणि आता हसू आलं पाहिजे म्हणून ते हसले. त्यांना बघून शेजारचे हसले. तेव्हापासून तिथून दिवसभर हसण्याचा आवाज येई, आणि दर आवाजाला लमाईच्या अंगाचा तिळपापड होई.

आता यातली खरी गोम अशी होती, की ते पान गांजाचं नव्हतंच. ते होतं अंबाडीचं.

चित्र पाहताक्षणी लमाईने ते ओळखलं होतं. निम्म्या गावाने एके काळी अंबाडी लावली होती, तळ्यात कुजवून तिचा वाख काढला होता, त्या घाणीत हात काळे केले होते. पण दोन्ही पानं दिसायला पंजासारखीच, त्यातला फरक कळायचा तो दोन्ही हाताळलेल्यालाच. फलक छापणाऱ्या कुणा शहाण्याने गांजा म्हणून अंबाडीचं पान छापलं, आणि समुद्रकाठच्या सुनेने फलकाबरहुकूम रोपं शोधून परसात लावली. हे ध्यानात आलं तेव्हा लमाईला असा आनंद झाला की ती पळी हातात घेऊनच गावप्रमुखांच्या घराकडे निघाली. अर्ध्या वाटेत तिचे पाय थांबले. प्रमुख विचारणार, "लमाई, गांजा नाही हे तुला कसं गं कळलं?"

आणि त्याचं उत्तर तिच्या घरामागे, पाण्याच्या रांजणाआड उभं होतं.

लमाईची आई नूडल्स विकायची तेव्हापासून रश्श्यात गांजाच्या चार पानांची पुरचुंडी सोडायची चाल होती. बंदी होती तेव्हाही सोडत. कुणी विचारत नव्हतं, कुणी सांगत नव्हतं, आणि लमाईच्या रश्श्यासारखा रस्सा पंचक्रोशीत नाही असं सगळे म्हणत. झाकली मूठ सव्वा लाखाची. मधल्या काळात लमाई आरोग्य स्वयंसेविका झाली. तिच्या दारावर ‘अमली पदार्थमुक्त आदर्श घर’ अशी पितळी पाटी लागली, तरी पुरचुंडी चालूच राहिली. पंचाईत झाली ती बंदी उठल्यावर. आता पान वापरायचं तर फलक लावा. दाराच्या एका बाजूला ती पाटी आणि दुसऱ्या बाजूला हा फलक? लमाईने पुरचुंडी बंद केली. आईने लावलेली झाडं उपटायला मात्र तिचा हात धजला नाही.

तर पळी घेऊन ती निमूट परतली. पुढच्या काही दिवसांत तिच्या लक्षात आलं, की अडचण तिची एकटीची नव्हती. तरुणपणी बांबूच्या नळीतून गांजा ओढून ओढून दात पिवळे केलेले खेनआजोबा फलकापुढे उभे राहिले, चित्राकडे बराच वेळ बघत राहिले, खाकरले आणि पुढे गेले. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ते पान कळलं होतं आणि प्रत्येकाने मिठाची गुळणी धरली होती. बोलायचं तर कसं कळलं तेही सांगायला हवं होतं ना.

मग लमाईने दुसरी वाट धरली. गावच्या भोंग्यावरून सकाळी आरोग्याच्या सूचना वाचायचं काम तिचंच होतं. तिने फलकावरचे सगळे धोके उतरवून घेतले आणि होईल तेवढ्या कडू आवाजात रोज वाचायला सुरुवात केली. गांजाच्या पानाने भूक वाढते. झोप गाढ लागते. चिंता वाटेनाशी होते. माणूस कारण नसताना हसतो.

चौथ्या दिवशी नोंगयावने आणखी दोन टेबलं मांडली. झोप न येणाऱ्या म्हाताऱ्या, भूक नसलेले म्हातारे आणि कर्जाच्या चिंतेने पोखरलेले जावई असे सगळे तिच्याकडे रांगेत. वर नोंगयाव स्वतः येऊन लमाईच्या पाया पडून गेली. "ताई, तुमच्यामुळे दुकानाला बरकत आली," असं तिने चक्क हात जोडून सांगितलं, आणि त्या रात्री लमाई जेवली नाही.

सकाळी तिने तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात फोन लावला. फलकावरची माहिती फार सौम्य आहे, लोक बिघडताहेत, कुणीतरी येऊन बघा, असं ती तावातावाने सांगत राहिली. पलीकडच्या माणसाने त्यातलं ‘लोक फलक वाचतात’ एवढंच ऐकलं. आजवर कुठल्याही गावाने सरकारी फलक वाचल्याची नोंद नव्हती. कार्यालयाला एवढा आनंद झाला की त्यांनी नोंगयावच्या दुकानाला आदर्श दुकानाचं प्रमाणपत्र द्यायचं ठरवलं. समारंभ पुढच्या मंगळवारी. हार आणि प्रमाणपत्राचं तबक कोणी धरायचं? अर्थात स्वयंसेविकेने.

"मी नाही धरणार," लमाई नवऱ्याला म्हणाली.

"नको धरूस. मी धरतो," थोंगबाय म्हणाला.

तबक मग तिनेच धरलं.

मंगळवारी सगळं गाव नोंगयावच्या अंगणात जमलं. तालुक्याहून काम्फोन आले होते. ते डॉक्टर नव्हते, आरोग्य खात्यातले साधे अधिकारी होते, पण गावात खात्यातल्या कुणालाही डॉक्टरच म्हणतात. नोंगयाव नवी रेशमी वस्त्रं नेसून उभी होती. थोंगबाय पहिल्या रांगेत बसला होता आणि आधीपासूनच हसत होता. डॉक्टर काम्फोन यांनी फलकाची स्तुती केली, अचूक सरकारी माहितीचं महत्त्व सांगितलं, मग परसातल्या रोपांकडे हात केला आणि म्हणाले, गांजा कसा लावावा ते या भगिनीकडून शिका.

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करू नये हे लमाईला लहानपणापासून माहीत होतं. पाटी जाईल, स्वयंसेविकेचं काम जाईल, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हेही तिला दिसत होतं. पण नोंगयावने हारासाठी मान पुढे केली आणि थोंगबायने टाळ्या वाजवल्या. लमाईच्या तोंडून शब्द निघून गेले.

"ही अंबाडी आहे."

खेनआजोबांनी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला सुरुवात केली.

"तुम्हाला कसं माहीत, मावशी?" डॉक्टर काम्फोन यांनी विचारलं.

लमाईने तबक नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं, तरातरा घरी गेली, आणि रांजणाआडची एक चांगली हातभर फांदी तोडून घेऊन आली. ती तिने डॉक्टरांच्या हातात दिली. "असं माहीत. गांजा हा. माझ्या आईपासून आहे घरात. काढा काय पाटी काढायची ती."

डॉक्टर काम्फोन यांनी फांदी फलकाशेजारी धरली. फलकावरच्या पानाचा देठ लाल, फांदीचा हिरवा. फलकावरचं पान रुंद, हे अरुंद आणि करवतीसारखं कातरलेलं. मग त्यांनी फांदी नाकाशी नेली आणि क्षणभर डोळे मिटले. ते उघडले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. तालुक्यातल्या यच्चयावत गावांत हाच फलक लागला होता, आणि त्याच्या मंजुरीच्या कागदावर खाली त्यांचीच सही होती.

"हे बघा," ते घसा साफ करून म्हणाले, "हा फलक तज्ज्ञांच्या समितीने मंजूर केलाय. फलकावर आहे तो गांजा. हे काही फलकावर नाही. म्हणजे ही भाजी आहे."

"भाजी?"

"रानभाजी असेल कसली तरी."

लमाईच्या डोक्यात हळूहळू उजाडलं. "मग ही रश्श्यात घातली तर फलक लावावा लागेल?"

"भाजीला कुणी फलक लावतं का, मावशी?"

"आणि दारावरची पाटी?"

"भाजीने पाटी कशी जाईल?"

मागून खेनआजोबांचा आवाज आला. "डॉक्टर, ही भाजी माझ्याही घरामागे आहे." त्यावर कुणीतरी म्हणालं, आमच्याकडेही आहे. गावप्रमुखांनी विषय बदलण्यासाठी टाळ्या वाजवल्या, हार नोंगयावच्या गळ्यात पडला आणि समारंभ संपला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुरचुंडी पातेल्यात गेली. दुपारी थोंगबायला बर्फाची आठवण झाली नाही. वाडगा तोंडाला लावून त्याने तो संपेपर्यंत खाली ठेवलाच नाही, आणि मग म्हणाला, "तुझ्या रश्श्यात मधे जीवच नव्हता गं. तिथे निदान आंबट तरी लागायचं." म्हणजे गडी हसण्यासाठी जात नव्हता, पोटासाठी जात होता! लमाईला राग यावा की बरं वाटावं ते कळेना. तिने दोन्ही केलं आणि त्याला आणखी वाढलं.

डॉक्टर काम्फोनही आले. दुसरा वाडगा मागवून हळूच म्हणाले, "मावशी, वर कळवून फलक दुरुस्त करून घेऊ का?"

"कशाला?" लमाई म्हणाली. "आमचा आहे त्या फलकावर विश्वास आहे."

आणि सकाळच्या भोंग्यावर ती आता मधासारख्या आवाजात सांगू लागली, की फलकावरची माहिती अगदी अचूक आहे, नागरिकांनी मनात शंका आणू नये.

पंधरवड्यात मोटारी रस्त्याच्या अलीकडे थांबू लागल्या. एका दुपारी नोंगयाव स्वतः आली. टोकाच्या स्टुलावर बसली आणि मान खाली घालून एक वाडगा संपवला.

"ताई, खरं सांगू?" ती म्हणाली. "माझा नवरा लग्न झाल्यापासून माझ्या हातचं जेवायचा आणि तुमच्या रश्श्याचं नाव काढायचा. रोज. म्हणून मी दुकान काढलं. तुमच्यावर नुसती जळत होते मी."

आजवर लमाईला हार मिळाले होते, पाटी मिळाली होती, पण इतकं गोड तिच्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. तिने नोंगयावचा वाडगा स्वतःहून पुन्हा भरला आणि वर कोंबडीची तंगडी ठेवली.

नोंगयावला धीर आला. "ताई, तुमच्या त्या भाजीचं एक रोप द्याल मला?"

लमाईने पळी खाली ठेवली आणि रस्त्यापलीकडच्या पिवळ्या फलकाकडे बोट केलं.

"तुझ्याकडे आहे की ते चित्र. त्यात बघून लाव," ती मायेने म्हणाली. "सरकारी माहिती आहे बाई ती. चुकायची नाही."