हिसका नानांची डबल बेल

आधी नानांचं नाव लिहिते, मग बाकीचं. जळगावात आम्हा नवराबायकोला कुणी खोली देत नव्हतं तेव्हा नानांनी त्यांच्या घरातली वरची खोली दिली. डाळमिलमध्ये मला काम लागलं तेही त्यांच्याच शब्दावर. मी साक्रीकडची, आठवीतून शाळा सुटलेली. एवढ्या मोठ्या गावात रिक्षावाल्याशी बोलायचीही मला भीती वाटायची. अशा मला नानांनी पहिल्याच आठवड्यात कंडक्टर केलं.

झालं असं, की नाना एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रूळ टाकलेले आहेत. खेळण्यातले. मुलाने परदेशातून नातवासाठी आगगाडी आणली, नातू तिला लगेच कंटाळला आणि गाडी नानांकडे राहिली. रिमोटवरचं गोल बटण फिरवलं की इंजिन चालतं. पण नाना बटण असंच फिरवत नाहीत. एसटीत कंडक्टरने दोनदा घंटी दिल्याशिवाय गाडी हलत नाही, तसंच इथेही.

"दे माय, डबल बेल," ते म्हणाले.

मी घाबरत घाबरत देवाची घंटी दोनदा वाजवली. नानांनी डाव्या पायाने क्लच दाबला. क्लच कुठला, फरशी होती. गाडीने असा हिसका दिला की डब्यातलं पाणी सांडलं. हो, डब्यात पाणी असतं. खोकल्याच्या औषधाच्या झाकणात काठोकाठ भरलेलं.

गल्लीत त्यांना हिसका नाना म्हणतात, तोंडावर नाही. एसटी चालवायचे तेव्हापासूनचं नाव आहे ते. नाना स्टॉपवरून गाडी उचलायचे तेव्हा उभी माणसं आपोआप बसायची म्हणे.

पाण्याचं कारण आक्का. आक्का म्हणजे नानांची बायको. आम्ही राहायला आलो त्याच्या थोडं आधी त्या गेल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात. आक्कांची ही पहिली घागर. नानांनी ठरवलं होतं, तिच्यात शेवटचं पाणी पडेल ते या गाडीने आलेलं, आणि वाटेत एक थेंब सांडता कामा नये. असं का, ते सांगत नव्हते.

आमचे हे पाइपच्या कंपनीत आहेत. ते एकदा म्हणाले, "नाना, चार पावलं तर आहे. हातात घेऊन जा ना."

"तू पाइपवाला ना रे? मग पाइप टाकून दे उंबऱ्यापासून."

त्यानंतर हे त्या विषयात पडले नाहीत. मी मात्र पुरती अडकले. इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची नखाएवढी पाटी असते. तिच्यात नंबर असतात आणि प्रत्येक नंबरात आपण आकडा भरायचा. दोन नंबर म्हणजे गाडी किती जोराने उठणार. तीन म्हणजे वेग किती सावकाश धरणार. चार म्हणजे थांबताना किती वेळ खाणार. मला एवढंच पाठ झालं, समजलं त्यातलं काहीच नाही. तीनमध्ये आकडा वाढवला की गाडी मंद होते. मग वाढलं काय आणि कमी झालं काय? माहितीपुस्तक कुठल्या देशाच्या भाषेत होतं कोण जाणे. नाना त्यातली चित्रं बघायचे आणि मान डोलवायचे.

"मी नाही हो हात लावणार, नाना. माझी शाळा आठवीपर्यंतच झाली. बिघडलं तर?"

"ह्या इंजिननी तरी कोनती शाळा करेल शे, माय? दाब."

मी दाबलं. भरलेली एसटी सावकाश उचलावी लागते म्हणून नानांनी तीनमध्ये भलामोठा आकडा भरायला लावला, चारमध्येही तेवढाच. डबल बेल झाली. गाडी हललीच नाही. नानांनी बटण पार शेवटपर्यंत फिरवलं, तरी नाही.

"गयी कामातून," ते म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

मीच दाबलं होतं ना. आता खोली सोडायला सांगतील, असं मनात येतंय तोवर गाडी मुंगीसारखी निघालेली दिसली. बघता बघता तिने वेग धरला. नाना धावत आले, बटण शून्यावर आणलं. ती ऐकेना. चार नंबरात आकडा आम्हीच भरला होता. देवघरापाशी रूळ संपले, ती पुढे गेली आणि समोर ठेवलेल्या कणकेच्या परातीत शिरली.

नानांनी परातीत वाकून बघितलं. "थांबली तर बेस," म्हणाले.

मग कणीक काढा, चाकं पुसा, आठव्या नंबरात आठ भरून सगळं पहिल्यासारखं करा, आणि पुन्हा पहिल्यापासून. मिलमधून आले की रोज हेच. एक आकडा बदलायचा, बेल द्यायची, सांडलेलं पुसायचं.

आखाजीला यांना सुटी मिळाली नाही, म्हणून मला माहेरी जाता आलं नाही. सकाळी आईशी फोनवर बोलून खाली आले तर नानांनी देवघरापाशी घागर मांडली होती, गंध लावलं होतं. त्यांनी झाकण भरलं. मी घंटी दिली. गाडी निघाली की नाही तेच कळेना, इतकी हळू. पाणी काठावर थरथरत होतं. नाना पायही हलवत नव्हते. घागरीजवळ ती आली आणि थांबली.

"सांडनं नही," नाना म्हणाले. झाकण घागरीत ओतलं आणि तिथेच बसले.

मग घागरीकडे बघतच बोलायला लागले. "लगीननंतरनी पहिली आखाजी. तुन्ही आक्काले माहेरले घेऊन गेलो, मन्हीच गाडीमा. मांडीवर पाण्यानी कळशी व्हती. उतरनी तवा बठ्ठा पदर वला. काही बोलली नही. पण मग कधी मन्ही गाडीमा बसनी नही. मागची गाडी येईपर्यंत स्टँडवर उभी राहायची."

मी डांगर घागरीवर नीट ठेवलं.

नाना उठले, कोपऱ्यातून दोर काढला. "चाल. आखाजीले आंडेर झोकाबिगर ऱ्हास का?" आंडेर म्हणजे लेक; आखाजीला माहेरी आलेल्या लेकी आमच्याकडे झोके घेतात. अंगणातल्या कडुलिंबाला त्यांनी झोका बांधला, मला बसवलं आणि पहिलाच झोका असा दिला की मी पडता पडता वाचले.

नाना, तुमचं हे मी फेडणार आहे. कसं, ते अजून कळत नाही. पण एका आखाजीला तुम्हाला माझ्या माहेरी नेईन, आईच्या हातची खापरावरची पुरणपोळी वाढीन आणि सगळ्या गावाला सांगेन, हे माझे जळगावचे वडील.