मौन आधीच आरक्षित आहे

बाबांचा शेवटचा साधासुधा दिवस ‘करुणेचे सूर’ या कार्यक्रमाच्या तालमीत गेला. एका थोर मानवसेवकाची वचनं आणि त्यांना सभागृहातल्या भल्याथोरल्या पाइप ऑर्गनची साथ, अशी योजना होती. ऑर्गन बाबा वाजवणार होते. अडचण एवढीच, की तो सुरू झाला की वचनं ऐकू येत नसत. समितीने साधकबाधक विचार करून निवेदकाला ओरडण्याचे आदेश दिले. त्यानुसार तो मानेच्या शिरा ताणून गर्जू लागला, “शेजाऱ्याचं दुःख हळुवारपणे ऐका!”

तालीम संपल्यावर बाबांनी बाकावरूनच वळून लेकीला विचारलं, “कसं झालं गं?”

“चला आधी,” ती म्हणाली. “गाडी भलत्याच जागी लावलीय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले.

कार्यक्रमात बाबांसाठी क्षणभर मौन पाळावं, एवढंच मागायला ती अध्यक्षांकडे गेली.

“ताई, समितीला अतीव दुःख झालंय,” अध्यक्ष म्हणाले. “पण मौन एकच आहे, आणि ते जगातल्या समस्त दुःखितांसाठी आरक्षित आहे.”

“मग त्यात बाबाही धरा.”

“ते दुःखित कुठे? ते दिवंगत. दुःखित तुम्ही.”

“बरं, मला धरा.”

“व्यक्तिशः नाही येणार. समस्तांत या.”

“आणि ऑर्गन कोण वाजवणार?”

“बाबाच!” ध्वनिवाल्याने तालीम ध्वनिमुद्रित केली होती. समितीने दिवंगत वादकाची उपस्थिती एकमताने मंजूर केली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी पुढच्या रांगा करुणाप्रेमी मान्यवरांना दिलेल्या असल्यामुळे ती मागे बसली. ऑर्गन गरजला, निवेदक त्याहून गरजला. मग दोघेही दम घ्यायला थांबले आणि कर्ण्यांतून बाबांचा आवाज घुमला, “अरे, ती खिडकी लावा कुणीतरी! गुडघ्यांना वारा झोंबतोय.”

मग टाळ्यांचा कडकडाट.

“किती साधी वाणी!” तिच्या शेजारच्या बाईंनी डोळे टिपले. “खिडकी म्हणजे आपलं मन हो.”

“आणि गुडघे?” त्यांच्या यजमानांनी विचारलं.

“गुडघे म्हणजे गरीब.”

तिने तोंडात रुमाल कोंबला. तोवर अध्यक्षांनी मंचावरून जाहीरही करून टाकलं, की थोर मानवसेवकांचं हे अप्रकाशित वचन सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर कोरण्यात येईल. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शेजारच्या बाईंनी मान डोलावली. वचन पोचलं होतं.

मग मौनासाठी सगळे उभे राहिले. भारावलेला ध्वनिवालाही उभा राहिला आणि यंत्र बंद करायचं विसरला. शांततेत कर्ण्यांतून बाक करकरला.

“कसं झालं गं?”

पुढे काय ऐकू येणार, हे त्या गर्दीत तिला एकटीलाच ठाऊक होतं. तिने ते येऊच दिलं नाही.

“छान झालं, बाबा!”

“श्श!” समस्त दुःखितांसाठी उभं असलेलं सभागृह एकदिलाने तिच्याकडे वळलं. तुम्ही तिथे असतात, तर तुमचंही बोट ओठांवर गेलंच असतं.

“फार छान वाजवलंत,” ती आणखी मोठ्याने म्हणाली.