भेदरं म्हणजे काय?

आमच्या शेजारच्या शेषरावकाकांना फोन लावायचा, तर आधी आपण माणूस आहोत हे सिद्ध करावं लागतं. "हॅलो" म्हटलं की पलीकडून विचारणा होते, "कोन बोलून राह्यलं?" आपण नाव सांगतो. "नाव त मशीन बी सांगते. सांगा, भेदरं म्हंजे काय?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा आला तेव्हा मी फक्त नळाला पाणी आलंय का, एवढंच विचारायला फोन केला होता. मी नाशिककडची. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन पांढरकवड्याला आले, आणि कॉलेजात शिकवते ती नेमकी मराठी. तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "भेदरणं म्हणजे घाबरणं. म्हणून भेदरं म्हणजे घाबरलेलं." फोन कट. पुन्हा लावला, पुन्हा कट. घरी आले तर काका ओट्यावर बसलेले. "मॅडम, आताच तुमच्या आवाजात एक मशीन बोलून राह्यली होती. म्या बराबर पकडली!"

वऱ्हाडात भेदरं म्हणजे टोमॅटो. मराठीत एम.ए. करून मी टोमॅटोवर नापास झाले.

काका टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. नंबर मागून घ्यावा लागायचा, त्या काळातले. मारेगावहून कोण बोलतंय, बोरी अरबहून कोण, हे ते नुसत्या खोकल्यावरून ओळखायचे म्हणे. निवृत्त झाले, काकू गेल्या त्यालाही सहा वर्षं झाली, एकुलती मुलगी प्रणाली लग्न होऊन पुण्याला गेली. आता घरात काका, एक मोबाइल आणि रोजचं वर्तमानपत्र. त्यात तंत्रज्ञानाचं पान ते सगळ्यात आधी वाचतात, आणि मोठ्यानं वाचतात, म्हणजे कुंपणाच्या अलीकडे माझंही ते वाचून झालेलं असतं. प्रत्येक बातमीनंतर एकच शेरा: "बातमी खरी हाये, पन अर्धी हाये." उरलेली अर्धी ते स्वतः पुरवतात.

बिनाड्रायव्हरच्या गाडीची बातमी आली. काका म्हणाले, "येऊ द्या ना. पन आपल्या रोडवर ढोरं बसते. हारन वाजवला त ढोर उठते का? खाली उतरून शेपूट पिळा लागते. ड्रायवरच नाही, त शेपूट कोन पिळन?" दूध संपलं की आपण होऊन कळवणारा फ्रीज आला. "सांगन कोनाले? घरात कोनी असन तवा ना!" हे जरा हळू आवाजात होतं. झोप मोजणाऱ्या घड्याळाबद्दल त्यांचं मत असं, की झोप लागली नाही हे ज्याला घड्याळानं सांगावं लागतं, त्याला ती लागलेली असते.

यंत्रामुळे नोकऱ्या जाणार, असं वाचलं तेव्हा मात्र त्यांनी चष्मा काढून ठेवला. "आमचं आटोमॅटिक एक्स्चेंज झालं, मॅडम, तवा आम्ही दहा ऑपरेटर होतो. दोघं राह्यलो. साहेब म्हने, आता बोलनं सोपं झालं. झालं ना सोपं! पन बोलून कोन राह्यलं?"

मग ती आवाजाची बातमी आली. माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रं आली आहेत, अनोळखी नंबरवरून मुलीच्या रडक्या आवाजात फोन येतो आणि बाप फसतो. काकांनी ती दोनदा वाचली. जन्मभर आवाजावरून माणूस ओळखलेल्या माणसाला ही बातमी जिव्हारी लागली. दुसऱ्या दिवशीपासून परीक्षा सुरू झाली. फोन स्पीकरवर, कारण साक्षीदार हवा. आणि साक्षीदार बहुतेक वेळा मीच.

कोणाला सवलत नव्हती. नागपूरचा सख्खा पुतण्या प्रश्न ऐकून हसला म्हणून आठवडाभर यंत्र ठरला होता. एका कंपनीची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "सर, भेदरं सध्या आमच्याकडे उपलब्ध नाही, पण क्रेडिट कार्ड आहे." काका खूश. "मशीनच होय, पन गुनाची होय."

प्रणालीचा फोन दर रविवारी यायचा. तीही रोजच्या प्रार्थनेसारखं "टमाटर, बाबा" म्हणून टाकायची आणि मग बोलायची. पुण्यात राहून तिच्या तोंडी 'मले-तुले' जाऊन 'मला-तुला' बसलं होतं, त्यावरून काका तिला चिडवायचे. तिचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला पंधरा दिवस होते आणि काकांनी तारखेच्या दोन दिवस आधीच्या ट्रॅव्हल्सची सीट धरून ठेवली होती. सीटचा नंबर त्यांनी मला चार वेळा सांगितला होता.

त्या गुरुवारी मला सुट्टी होती. दुपारी मी त्यांच्या ओट्यावर चहा घेऊन बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"बाबा, मी प्रणाली. ऐका ना, मला..." आवाज रडका.

काकांनी फोन कापला.

"काका! अहो, प्रणाली होती ती!"

"आज गुरुवार हाये. तिचा फोन रविवारी येते," काका म्हणाले. "नंबर वळखीचा नाही, आवाज रडका, अन् मला म्हनून राह्यली. पेपरात होतं तसंच. बिलकुल तसंच." बोलत होते माझ्याशी, पण नजर फोनवर होती. मला एकदम भीती वाटली. ती खरंच प्रणाली असली तर?

फोन पुन्हा वाजला. काकांनी उचलला. "भेदरं म्हंजे काय?" ह्या वेळी त्यांचाच आवाज कापत होता.

पलीकडे चाकांचा खडखडाट, कुणीतरी "लवकर करा ताई" म्हणालं. मग हुंदका.

"भेदरं म्हंजे मी, बाबा. लय भेदरली मी. पानी कमी झालं म्हनते, आताच ऑपरेशन करून राह्यले. नर्सबाईचा फोन हाये. आत नेऊन राह्यले मले."

उत्तर चूक होतं. ह्याच उत्तरावर मी नापास झाले होते. काका मात्र ताडकन उभे राहिले आणि फोन दोन्ही हातांनी धरला.

"भिऊ नोको, माय. मी लाइनवर हाओ. ठेवत नाही."

"बोला ना काहीतरी."

काकांनी इकडे तिकडे पाहिलं, ओट्यावर वर्तमानपत्र पडलेलं होतं. आणि हा गृहस्थ ऑपरेशनला निघालेल्या लेकीला बिनाड्रायव्हरची गाडी सांगायला लागला. "बातमी खरी हाये, बाई, पन अर्धी हाये. आपल्या रोडवर ढोरं बसते. ते उठन काहून? अन् ड्रायवरच नाही, त शेपूट..."

"शेपूट कोन पिळन!" पलीकडून प्रणाली म्हणाली. रडता रडता हसत होती. तिच्याबरोबर ती नर्सही हसली. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

नंतरचा दीड तास काकांनी फोन मांडीवर ठेवून काढला. एकही बातमी वाचली नाही. मी त्यांच्या गेटाशी दोनदा जाऊन आले, उगाचच. 

जावयाचा फोन आला. काकांनी त्याला भेदरं विचारलं नाही.

"बाबा, मुलगी झाली."

"बातमी खरी हाये?"

"हो, खरीच!"

"पूरी हाये?"

जावई कोल्हापूरचा, त्याला काही कळेना. "म्हणजे... दोघी छान आहेत, बाबा. प्रणाली बोलतेय, बाळ रडतंय."

"मंग पूरी हाये," काका म्हणाले, आणि खांद्यावरचा पंचा तोंडाला लावून भर दुपारी ओट्यावर ढसाढसा रडले. मला इतकं हलकं वाटलं की मीही मग मागे राहिले नाही. रस्त्यानं जाणाऱ्या दोघांनी थांबून काय झालं विचारलं, तर काका पंच्यातूनच म्हणाले, "आजा झालो ना बाप्पा!"

सीट बारा-तेरा दिवसांनंतरची होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मिळेल त्या गाडीनं निघाले. हातात पाच किलो टोमॅटोची पिशवी. "काका, पुण्यात टोमॅटो मिळतात हो," मी म्हटलं.

"टमाटर भेटते," काका चढता चढता म्हणाले. "भेदरं नाही भेटत."

आठवड्यानं मला अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, मी शेषराव. पोरीच्या फोनवरून बोलून राह्यलो." आयती संधी कोण सोडतो?

"नाव तर मशीनही सांगतं. सांगा, भेदरं म्हणजे काय?"

मला वाटलं होतं, हसतील. पण ते हसले नाहीत.

"भेदरं म्हंजे मी होतो, मॅडम," काका म्हणाले. "प्रणालीच्या मायले ऑपरेशनले आत नेलं, तवा मी खिडकीपाशी फारम भरून राह्यलो होतो. वापस आलो त दार बंद. मंग ते बाहीर आलीच नाही. बोलनं राहूनच गेलं." मग म्हणाले, "यावेळेस नाही राह्यलं."

मागे बाळ रडायला लागलं. "ठेवू नोका मॅडम, लाइनवर राहा," असं म्हणून त्यांनी फोन नातीच्या तोंडाशी नेला असावा, कारण माझा कान किटला. तरी मी फोन ठेवला नाही.