चाळीस वर्षं जुनी, अगदी नवी गिटार

"गिटार मी आणतो," असं मी म्हणालो, आणि तिथेच सगळं बिनसलं.

गिटार बायकोसाठी होती. नोकरीतून सुटल्यावर ती संध्याकाळच्या क्लासला जाऊ लागली होती आणि येत्या रविवारी क्लासच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच एकटी वाजवणार होती. आजवर क्लासच्या गिटारीवर भागलं, आता स्वतःची हवी. चौकातल्या दुकानात तिने एक हेरून ठेवली होती. जुन्या घाटणीची, मधाच्या रंगाची, अंगावर चरे असलेली. मी फक्त जाऊन ती उचलून आणायची होती.

"तुम्ही नका जाऊ," ती म्हणाली. "तुम्ही गेलात की दुकानदाराचा आरोपी होतो."

"अगं, लोकांकडून खरं काढून घेण्यात हयात गेलीय माझी!"

"म्हणूनच म्हणतेय."

मी गेलो. (टॉर्च आणि दाढी करायचा छोटा आरसा घेऊन. गिटारीच्या पोटात डोकावल्याशिवाय ती घेऊ नये, असं कुठेतरी वाचलं होतं.)

"ही आधी कुणाची होती?" मी दुकानदाराला विचारलं.

"कुणाचीच नाही, साहेब. नवीन आहे."

"मग हे चरे?"

"कारखान्यात पाडतात."

"नव्या कोऱ्या वस्तूवर मुद्दाम चरे पाडतात?"

"पाडतात. आणि त्याचे जास्त पैसे लावतात."

मी आरसा आत घातला. आतलं लेबल पिवळं पडलेलं होतं. "आणि हे?"

"ते पिवळंच छापतात, साहेब."

"इथला रंग उडालाय. कुणाचा तरी हात वर्षानुवर्षं टेकलाय इथे!"

"मशीनने घासतात."

आता सांगतो, आमच्या पत्रकारांच्या धंद्यात एक नियम आहे. मंत्री म्हणाला की राजीनामा देणार नाही, तर पेटी भरायला घेतली समजायचं. ज्याचा इन्कार होतो ते खरं असतं. हा नियम मी आणि प्रतिस्पर्धी पेपरातला 'दाढी' (सगळे त्याला याच नावाने हाक मारतात; माझा जुना वैरी, त्याची बायकोही त्याच क्लासला जाते) आम्ही दोघांनी जन्मभर पाळला. इथे तर हा माणूस एका दमात चार इन्कार करत होता! गिटार किमान चाळीस वर्षं जुनी होती आणि या बिचाऱ्याला आपण काय विकतोय याचा पत्ता नव्हता, किंवा कुठून आणली ते लपवायचं होतं. मी नव्याच्या भावात ती घेतली. त्याने हमीपत्र पुढे केलं, तेव्हा हसून परत सरकवलं. "हे नाटक माझ्यापुढे नको."

घरी बायको गिटारीवर हात फिरवत म्हणाली, "दुकानदार काय म्हणाला?"

"नवीन आहे म्हणाला."

"मग नवीन असेल."

"तो म्हणाला म्हणून?" मी कपाळावर हात मारला. अशाच भाबड्या लोकांच्या मतांवर सरकारं निवडून येतात.

जुनं लाकूड सुकतं, तडकतं, त्याला ओलावा द्यावा लागतो. लोक साबणाच्या भोकाभोकांच्या डबीत ओला स्पंज ठेवतात आणि ती डबी गिटारीत सोडतात. मी दोन डब्या सोडल्या. चाळीस वर्षांची तहान एका डबीने कशी भागणार? शिवाय रोज माझी आंघोळ झाली की गिटार बाथरूममध्ये वाफेत उभी करायची. बायको बाजारात गेली की हे चालायचं.

"अहो, तारा किती वर आल्यात!" गुरुवारी ती म्हणाली. "दाबताना बोटं सोलतायत."

"जुनी वस्तू आहे. थोडा मान द्यावा लागतो."

शनिवारी दुपारी मी अग्रलेखाला शिव्या घालत होतो, तेवढ्यात आतून धाडकन आवाज आला. गिटारीचं पोट पुरीसारखं फुगलं होतं, आणि ज्या पट्टीला तारा बांधतात ती पट्टी उखडून तारांसकट लोंबत होती. बायको रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "उद्या कार्यक्रम आहे." मी म्हणतो, यापेक्षा मोर्चे परवडले.

गिटार काखेत मारून मी दुकानात शिरलो. "ही काय वस्तू दिलीत? आठवड्यात फुटली!"

दुकानदाराने ती उलटी केली. दोन साबणाच्या डब्या टेबलावर पडल्या. दुकानातली गिऱ्हाइकं बघू लागली. शिडी लावून त्याने वरच्या फळीवरून दुसरी गिटार काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली. मधाचा रंग तोच. भोकाखालचा चरा तोच. रंग उडालेली जागा तीच, लेबल तितकंच पिवळं.

मी टॉर्च खिशात ठेवला.

"ही उद्यापुरती न्या, ताईंसाठी," तो म्हणाला. "ती मी वाळवून, चिकटवून देतो, मजुरी तुमची. फक्त एकदा म्हणा."

"काय?"

"की ती नवीन होती."

"नवीन होती," मी पुटपुटलो.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही, साहेब."

रविवारी बायको वाजवायला बसली. एके ठिकाणी अडखळली, दोन सूर मागे गेली, आणि मग अशी सुटली की सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. मीसुद्धा. कशावर तरी चिडायची माझी सवय, पण ते राहूनच गेलं. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून दाढी माझ्या कानाशी लागला.

"काय गिटार आहे रे! किती जुनी?"

"नवीन आहे."

"आणि ते चरे?"

"कारखान्यात पाडतात."

त्याने माझ्याकडे टक लावून पाहिलं, आणि हळूच डोळा मारला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पेपरात चौकट होती: ज्येष्ठ पत्रकाराच्या घरी दुर्मीळ गिटार. शेवटची ओळ होती, 'संबंधितांनी मात्र याचा स्पष्ट इन्कार केला आहे.'

"अहो, खुलासा पाठवा ना," बायको म्हणाली.

"अगं, खुलासाच तर छापलाय त्याने!"

बेल वाजली. मी फटीतून पाहिलं. बाहेर एक अनोळखी गृहस्थ उभे होते. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात छोटा आरसा.

"उघडा दार," बायको आतून म्हणाली. "आज आरोपी तुम्ही."