कुंदाकाकूंचं बेट

कुंदाकाकूंना काही विचारलं की त्या लगेच बोलत नाहीत. समोरच्याकडे शांतपणे बघतात, मनात एक-दोन मोजतात आणि मग उत्तर देतात. "चहा घेणार का?" या प्रश्नालाही तेवढाच वेळ लागतो. नवखा माणूस तोवर घाबरून तोच प्रश्न पुन्हा विचारतो, दोघं एकदमच बोलायला लागतात, आणि काकू हात वर करून म्हणतात, "थांब. एका वेळी एकानेच. हं, आता बोल."

ही सवय बघून आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरने, त्यांना कान तपासायला पाठवलं होतं. तिथे आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं. काकूंनी प्रत्येक वेळी दोन मोजून दाबलं. रिपोर्टमध्ये काय आलं ते त्या सांगत नाहीत. पण तपासणाऱ्या बाईंना उपग्रहावरून आवाज जाऊन यायला वेळ का लागतो हे कागदावर चित्र काढून समजावून आल्या, असं त्यांच्या यजमानांनी, देवधरकाकांनी, मला सांगितलं.

नीउ-व्हेनेप या डच गावात काकूंचं आणि माझं घर एका भिंतीला लागून आहे, आणि दोघांचीही ऑफिसं स्लोटरडाइकला. त्यामुळे सकाळी त्यांच्या दारावर टकटक करायची, सायकली काढायच्या आणि स्टेशन गाठायचं, हा आमचा नेम. काकू साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. ती सोडून काकांच्या मागे इथे आल्या, काही वर्षं घरी बसल्या, मग भाषा शिकल्या, कोर्स केले आणि एका लहानशा कंपनीत लागल्या. जिथे कुणी इंटरनेट न्यायला जात नाही तिथे ते न्यायचं, हे या कंपनीचं काम. "सध्या माझ्याकडे पॅसिफिकमधला एक देश आहे," असं त्या म्हणतात. एखादीने 'सध्या माझ्याकडे नणंदेची मुलं आहेत' म्हणावं, त्या सुरात.

त्या देशातल्या सगळ्यात लांबच्या बेटावर काकूंचा जीव. बेटावर मोजकी घरं, एक शाळा, एक चर्च आणि एक दवाखाना. दवाखान्यात डॉक्टर नाही, मेरे नावाची एक नर्स आहे. छपरावरची डिश, सोलर पॅनल, बॅटरी, सगळं तीच सांभाळते, आणि तिला ते काकूंनी इथल्या स्वयंपाकघरात बसून व्हिडिओवर शिकवलं आहे.

एकदा आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लुकलुकणाऱ्या दिव्यांचं 'शुभ सकाळ' टाकलं. काकूंनी खाली लिहिलं, "हे मेरेच्या बेटावर उघडायला चार मिनिटं लागतील." पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका मुलाने ते हिंदीत वाचलं आणि काळजीने विचारलं, "काकू, तुमचा मुलगा कुठे असतो?" तेव्हापासून मंडळाची गणपतीची आमंत्रणंसुद्धा साध्या अक्षरांत येतात. त्यात मोदकाचं चित्र घालायची कुणाची हिंमत नाही.

पर्समध्ये काकू लिपस्टिक ठेवतात त्या कप्प्यात खाऱ्या वाऱ्याने गंजलेला एक केबलचा तुकडा असतो. हळदीकुंकवाला गेल्या तरी तो बाहेर निघतो. "हे बघ, आठ महिन्यांत हे असं होतं," म्हणून त्या तो यजमानीणबाईंच्या हातात देतात, आणि बाई हळदीच्या बोटांनी तो धरून "अगं बाई" म्हणतात. काकूंची मुलगी सई अशा वेळी डचमध्ये काहीतरी पुटपुटते. काकू दोन मोजून तिला मराठीत उत्तर देतात.

गेल्या हिवाळ्यात या बेटावर संकट आलं. दर बुधवारी ठरावीक वेळी तिथली लाइन तासभर बंद पडायची. काकूंच्या ऑफिसातल्या इंजिनिअरांनी पावसाचे आलेख काढले, ढगांचे काढले. काही जुळेना. शेवटी त्यांचा साहेब मार्टेन म्हणाला की हे बेट पहिल्या टप्प्यातून वगळू, दुसऱ्या टप्प्यात बघू. दुसरा टप्पा कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. दरम्यान मेरेला एखाद्या पेशंटची जखम मुख्य बेटावरच्या डॉक्टरला दाखवायची तर पेशंटलाच होडीत घालावं लागणार होतं.

त्या आठवड्यात काकू गाडीत खिडकीतून आभाळाकडे बघत बसायच्या. मग गुरुवारी हूफ्डोर्प स्टेशन मागे पडल्यावर एकदम म्हणाल्या, "निखिल, सगळ्यांनी आभाळाला विचारलं. मेरेला कुणी विचारलंच नाही."

त्यांनी विचारलं, "बुधवारी संध्याकाळी तुम्ही काय करता?"

मेरे म्हणाली, "गाण्याची प्रॅक्टिस."

बेटावर खात्रीची वीज फक्त दवाखान्याच्या बॅटरीत. दर बुधवारी चर्चची मंडळी तिथून वायर ओढून कीबोर्ड आणि मोठा स्पीकर लावायची. अख्खं गाव गायला बसायचं आणि डिश झोपी जायची.

मार्टेनला हे कळल्यावर तो म्हणाला, "सोपं आहे. स्पीकर बंद करायला सांगा."

काकूंनी एक-दोन मोजलं. "गाणं बंद होणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना दुसरी बॅटरी द्या."

"बोट दोन महिन्यांनी जाते."

"मग तोवर बुधवारचा तो एक तास मी रिपोर्टमध्ये 'नियोजित देखभाल' म्हणून लिहीन."

मार्टेन हसला, पण त्याने सही केली. बेट यादीत राहिलं.

दोन महिन्यांनी बुधवारी सकाळी सातला मी नेहमीप्रमाणे टकटक केली. काकांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. काकू कोट घालून, गळ्यात मफलर गुंडाळून स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसल्या होत्या. लॅपटॉपवर एक लाकडी छत दिसत होतं आणि त्याच्या कडेला कुणाचं तरी कोपर. बोट नवी बॅटरी घेऊन पोचली होती. मेरेने वायर जोडल्या, फोन बाकावर उताणा ठेवला आणि ती गायला गेली. पन्नासएक माणसं गात होती. मध्येच आवाज तुटायचा, पुन्हा यायचा. पण लाइन चालू होती.

गाणं संपलं. तिकडे बाक सरकवल्याचे आवाज, पोरांचं रडणं, कुणाचं तरी खोकणं. ऐकण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तरी काकू उठेनात.

"काकू, गाडी," मी हळूच म्हणालो.

"इथे आले ना, तेव्हा पहिल्या वर्षी मी साताऱ्याच्या एक्स्चेंजला फोन लावायचे," त्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. यावेळी त्यांनी काही मोजलं नाही. "हे ऑफिसला गेले की दिवसभर घरात कुणी नाही. काहीतरी खोटं नाव सांगून नंबर विचारायचे. पूर्वी माझ्या शेजारच्या टेबलावर असायची ती शकू फोन घ्यायची. तिने माझा आवाज पहिल्याच दिवशी ओळखला असणार. पण बोलली नाही कधी. 'बघते हं बाई, लाइन धरा,' म्हणायची आणि रिसीव्हर टेबलावर काढून ठेवायची."

"मग?"

"मग काय. त्यांचं चाललेलं असायचं. कुणाची पोळी करपली, कुणाची बदली झाली, चहावाला आला. दहा मिनिटं मी ऐकत बसायचे. मग शकू येऊन सांगायची, 'बाई, नंबर सापडत नाही, उद्या करा.'" काकूंनी मफलरचं टोक डोळ्यांना लावलं. "रोज म्हणायची, उद्या करा."

काका ओट्याकडे वळले आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं. स्क्रीनवर एका म्हातारीचा चेहरा वाकून आत डोकावला, आम्हाला बघून बोळकं पसरून हसला. तिने हाक मारून आणखी दोघींना बोलावलं.

गाडी चुकली होती. मी कोट काढून खुर्चीला अडकवला आणि काकूंच्या शेजारी बसलो.